मीच उठायला गेलो

आप्पांनी उभं आयुष्य लोकांची घरं रंगवण्यात काढलं. खांद्यावर फडकं, शिडीच्या पायरीला अडकवलेला डबा आणि तोंडात एखादं बेसूर गाणं. बरोबरीच्या रंगाऱ्यांपैकी कुणी पाय मोडून घेतला, कुणी पाठ धरून घरी बसला. आप्पा मात्र कधीच पडले नाहीत, आणि ही गोष्ट ते दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत भेटेल त्याला ऐकवत. "शिडीला माणूस कळतो," म्हणायचे. मग एका सकाळी आरशापुढे दाढी करताना वस्तरा हातातून गळाला, तोंड वाकडं झालं आणि डावी बाजू रुसली ती रुसलीच. जीभ तेवढी शाबूत राहिली. "हात-पाय गेले आणि बडबड राहिली, म्हणजे भोग माझे नाहीत, घरच्यांचे आहेत," असं म्हणून तेच आधी हसायचे.

त्यांचं सगळं सून करायची. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, नवरा छापखान्यात कामाला, नणंद दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, कुशीवर वळवणं, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीवरून पलंगावर. सुरुवातीला तिला कंबर धरून रडू यायचं. पुढे हात बसला. घरी येऊन आप्पांना तपासणाऱ्या नर्सनं एकदा तिला काम करताना पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हेच काम दवाखान्यात पगारावर करतात बायका. सहायकाची परीक्षा देऊन टाक. प्रमाणपत्र मिळेल."

प्रमाणपत्र हा शब्द तिच्या डोक्यात जाऊन बसला. शाळा अर्धवट सुटली तेव्हापासून तिच्या नावाचा एकही कागद कुठून आला नव्हता.

वर्ग दवाखान्याच्या मागच्या इमारतीत भरायचा. एक पलंग, एक हात धुण्याचं बेसिन, एक चाकाची खुर्ची आणि पलंगावर एक रबरी पुतळा. पुतळ्याला पोरींनी 'जावईबापू' नाव ठेवलं होतं, कारण तो नुसता पडून राहायचा आणि सगळ्यांकडून सेवा करून घ्यायचा. वर्गात ती वयानं सर्वांत मोठी, म्हणून सगळ्यांची मावशी. शिकवणाऱ्या बाई निवृत्त वॉर्ड सिस्टर होत्या. आवाज असा की बंद दारातूनही पाठ ताठ व्हावी.

"परीक्षक तुमच्याशी बोलणार नाही," सिस्टर सांगायच्या. "कोपऱ्यात उभा राहून बघणार. लेखी पेपरात चार मार्क गेले तर गेले. पण प्रात्यक्षिकात ज्या गोष्टीनं माणसाला इजा होते, ती एक जरी चुकली तरी घरी. आणि या जावईबापूच्या भरवशावर राहू नका. हा दुखलं म्हणून सांगत नाही. जिवंत माणसावर सराव करा."

जिवंत माणूस घरातच होता. तिनं विचारलं तेव्हा आप्पांची कळीच खुलली. "म्हणजे मी मास्तर?" म्हणाले. त्या दिवसापासून दुपारचा सराव सुरू झाला. ती खोलीबाहेर जायची, दार वाजवायची, आपण कोण ते सांगायची, हात धुवायची, पडदा ओढायची. आप्पा उजव्या हातानं मिशीवर ताव देत बसायचे आणि बारीक नजरेनं चुका काढायचे.

"नापास!"

"आता काय झालं, आप्पा?"

"मला विचारलं नाहीस, उठवू का म्हणून. मी काय गाठोडं आहे?"

आणि ती पुन्हा बाहेर जाऊन पुन्हा दार वाजवायची. सगळे टप्पे आप्पांना तिच्याआधी पाठ झाले. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, पावलं टेकवायच्या पट्ट्या वर करायच्या, चाकांचे ब्रेक लावायचे, पलंग खाली करायचा, पायात न घसरणारे बूट, कमरेला आधाराचा पट्टा, मग तीन म्हटल्यावर उठायचं. शेजारी कुणी आलं की आप्पा म्हणायचे, "सूनबाईची परीक्षा आहे, आणि अभ्यास मला पडलाय." घर बऱ्याच दिवसांनी हसरं झालं होतं.

परीक्षा तोंडावर आली आणि तिची झोप उडाली. करताना हात बरोबर चालायचे, पण परीक्षक कोपऱ्यात उभा आहे असं मनात आणलं की एखादा टप्पा हटकून गळायचा. वर्गातल्या एका पोरीनं तोडगा सांगितला: प्रत्येक गोष्ट करताना मोठ्यानं बोलायची, म्हणजे विसर पडत नाही. तिनं तो मनावर घेतला. खोलीतल्या कपाटाला परीक्षक मानलं आणि त्याच्याकडे बघून बोलायला लागली.

त्या दुपारी दोनदा सराव झाला होता. दुसऱ्या खेपेला आप्पा पलंगावर टेकले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"आज पुरे गं. पाय जड वाटतोय."

"एकदाच, आप्पा. शेवटचं. मघाशी पट्टा उशिरा बांधला मी."

"उद्या कर की."

"उद्या वर्ग आहे. एकदाच. तुम्हाला काही करायचं नाहीये, मीच करणार सगळं."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. 'नापास' म्हणण्याइतकाही उत्साह त्यांच्यात नव्हता. पण "बरं, चल" म्हणाले.

तिनं खुर्ची आणली. कपाटाकडे बघत ठणठणीत आवाजात म्हणाली, "मी आता खुर्चीचे ब्रेक लावते." मग पट्टा बांधला, या खेपेला वेळेवर, आणि त्याचाच तिला आनंद झाला. "एक, दोन, तीन." आप्पा उठले. वळले. उजवा हात खुर्चीच्या हातावर टेकून त्यांनी भार टाकला, आणि खुर्ची गुळगुळीत फरशीवरून मागे सरकली, जशी कुणी ओढून घेतली.

ती पट्ट्याला लोंबकळली. पडणाऱ्या माणसाला ओढून धरायचं नाही, अंगाला लावून हळू खाली सोडायचं आणि डोकं सांभाळायचं, हे तिला तोंडपाठ होतं. त्यातलं डोकं तेवढं तिनं सांभाळलं. बाकीचे आप्पा डाव्या कुशीवर पडले, आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांचं तोंड उघडंच राहिलं आणि श्वास आत अडकल्यासारखा झाला. तिनं उशी दिली, पांघरूण घातलं, हलवलं नाही, फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली, नवऱ्याला कळवलं. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. आणि मग गाडीची वाट बघताना तिची नजर खुर्चीवर गेली. खुर्ची भिंतीला जाऊन टेकली होती. ती उठली, खुर्चीपाशी गेली आणि तिनं दोन्ही चाकांचे ब्रेक लावले. खट, खट.

असं का केलं, हे तिला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वळून पाहिलं तर आप्पा जमिनीवरून तिच्याकडेच बघत होते.

गाडी आली. माणसांनी आप्पांना फळीवर घेतलं. त्यातल्या एकानं विचारलं, "कसे पडले?"

तिनं तोंड उघडलं.

"मीच उठायला गेलो," आप्पा म्हणाले. "हिला न सांगता. म्हातारचळ, दुसरं काय."

आणि तिला हायसं वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यांत जास्त टोचलं ते हेच. रडू नाही, भीती नाही, आधी हायसं वाटलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, आत धातूचा तुकडा बसवला. नणंद पहिल्या गाडीनं आली. आल्या आल्या वडिलांच्या कपाळावर हात ठेवून रडली आणि डोळे पुसून झाल्यावर रागावली. "आप्पा, किती वेळा सांगितलं तुम्हाला! हाक मारायला काय होतं? सगळं तुमच्या मनानं करायचं असतं!" नवरा मितभाषी माणूस. तोही म्हणाला, "हट्ट नडला शेवटी." आप्पा छताकडे बघत राहिले.

मग नणंदेनं तिला बाहेर पॅसेजमध्ये नेलं आणि जवळ घेतलं. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू एकटी किती पुरी पडणार? डोळ्यांत तेल घालून बघतेस म्हणून इतके दिवस निभावलं. माझ्याच्यानं झालं नसतं."

ती नणंदेच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. आत्ता सांगावं. ओठांपर्यंत आलंही. पण नणंदेचा हात पाठीवरून फिरत होता, आणि तो हात थांबेल या भीतीनं ती गप्प राहिली.

वॉर्डात नोंद झाली: स्वतःहून उठतात, पडण्याचा धोका. झालं, तेवढ्यावरून आप्पांची रवानगी वेगळ्याच माणसांत झाली. पलंगाचे दोन्ही कठडे कायम वर. गादीवर एक चटई अंथरली, तिच्यावरचं वजन हललं की घंटी वाजायची. आप्पा नुसते पाठ खाजवायला कलले तरी घंटी बोंबलायची आणि कुणीतरी धावत यायचं. "बाबा, काय ठरलं होतं आपलं? शहाण्यासारखं पडून राहायचं ना?" वीस-बावीस वर्षांच्या पोरी गालावर टिचकी मारल्यासारख्या बोलायच्या. आप्पा कुणालाच उलट बोलत नव्हते. ती बाजूच्या खुर्चीवर मांडीवर पुस्तक ठेवून बसलेली असायची. पुस्तकात रुग्णाच्या हक्कांचा धडा होता. मोठ्या माणसाशी लहान मुलासारखं बोलू नये, असं त्यात साध्या शब्दांत लिहिलं होतं, आणि ती ते वाचत असताना घंटी वाजत होती.

एकदा खोलीत दोघंच होती. ती हळूच म्हणाली, "आप्पा, मी सांगून टाकते सगळ्यांना."

"काय?"

"तुम्हाला माहितीये काय."

"परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग अभ्यास कर." त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "मी पडलो. माझं मी बघून घेईन. तू त्यात तोंड घालू नकोस."

तिनं तोंड घातलं नाही. आप्पांनीच बजावलंय, मग आपण काय करणार, असं ती स्वतःला समजावायची. समजूत अंघोळीपर्यंत टिकायची. साबण लावताना पुन्हा ती खट, खट ऐकू यायची.

वर्गात सराव परीक्षा झाली. एक प्रश्न होता: रुग्ण आपल्या हातून पडला तर सहायकानं काय करावं? चार पर्याय होते. तिनं बरोबर पर्यायावर खूण केली. घडलं तसं ताबडतोब वरिष्ठांना सांगावं. वर्गात तिला सगळ्यांत जास्त मार्क पडले. सिस्टर सहसा कुणाची स्तुती करत नसत, त्या दिवशी म्हणाल्या, "मावशींकडून शिका. घरात एवढं आजारपण, तरी एक तास बुडवला नाही." पोरींनी टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, फरशी उघडावी आणि आपण जावईबापूसकट खाली जावं.

परीक्षेच्या दोन दिवस आधी नणंद भेटीच्या वेळेत एक छापील पत्रक घेऊन आली. आप्पांच्या पलंगाभोवती सगळे होते. ती पायथ्याशी, नवरा खिडकीपाशी.

"मी जाऊन बघून आले," नणंद म्हणाली. "वृद्धाश्रम म्हणायचं, पण दवाखान्यासारखाच आहे. स्वच्छ आहे. पलंगाला कठडे, दाराला कुलूप, चोवीस तास माणूस. इथून थेट तिकडेच न्यावं."

नवरा म्हणाला, "घरी नाही?"

"घरी कसं? हे पुन्हा उठणार, पुन्हा पडणार. उद्या हिला नोकरी लागली की घरात कोण? आप्पा स्वतः ऐकत असते तर गोष्ट वेगळी होती. बोला ना आप्पा, ऐकाल?"

आप्पांनी पत्रक उजव्या हातात घेतलं, उलटं होतं ते सुलटं केलं, पाहिलं. "भिंतींचा रंग बरा दिसतोय," म्हणाले.

बस, एवढंच. ना हो, ना नाही. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आत्ता म्हणतील, आत्ता म्हणतील. एक वाक्य बोलले असते तर घरी आले असते. ते वाक्य त्यांच्याजवळ होतं आणि ते पत्रकाची घडी घालत होते.

"ते उठले नव्हते," ती म्हणाली.

नणंदेनं वळून पाहिलं. "काय?"

"आप्पा उठायला गेले नव्हते. मी उठवलं. सरावासाठी. ते नको म्हणत होते, पाय जड झालाय म्हणत होते, तरी मी उठवलं. खुर्चीचे ब्रेक लावते असं तोंडानं म्हटलं आणि लावले नाहीत. खुर्ची सरकली." तिचा आवाज आता थांबायला तयार नव्हता. "आणि गाडी यायच्या आधी मी ते लावून ठेवले. कुणाला कळू नये म्हणून. आप्पांनी बघितलं ते."

खोलीत कुणी हललं नाही. घंटीसुद्धा वाजली नाही.

नणंदेचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "आणि मी यांना बोलत होते," ती म्हणाली. "रोज. तू समोर बसून ऐकत होतीस." मग दारापर्यंत गेली, तिथून फिरून म्हणाली, "आणि तू लोकांची आजारी माणसं सांभाळणार?" दार तिनं आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

नवरा बहिणीच्या मागे गेला. ती आप्पांकडे वळली. तिला काय हवं होतं कोण जाणे. निदान मान हलवतील, बरं केलंस म्हणतील. आप्पांचा चेहरा लाल झाला होता.

"तुला कुणी विचारलं होतं?"

"आप्पा, तुम्हाला तिकडे कुलपात—"

"मला कुठे ठेवायचं ते मी बघत होतो. तोंड घालू नकोस म्हटलं होतं ना?" त्यांचा आवाज फाटला. "उठायला गेलो आणि पडलो, तर त्यात मी होतो. माझा पाय होता, माझी खोड होती. आता काय राहिलं? पोतं उचललं, पोतं सुटलं. सगळ्या गावाला कळू दे आता, आप्पा पोत्यासारखा पडला."

ती उभीच राहिली. त्यांनी आपल्याला वाचवलं असं ती इतके दिवस धरून चालली होती. त्यात त्यांनी स्वतःलाही थोडं वाचवलं होतं, आणि तेवढंच तिनं हिसकावून घेतलं होतं. बरं, हे सगळं आप्पांसाठी केलं म्हणावं तर तेही पुरतं खरं नव्हतं. सांगून टाकल्यावर छातीवरचा धोंडा उतरला होता, तो तिच्या छातीवरचा.

"जा," आप्पा म्हणाले. "आणि ती घंटी काढायला सांग जाताना."

घंटी निघाली. नोंद बदलली. पत्रकाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आप्पा घरी येणार हे ठरलं. म्हणजे सांगण्यानं जे व्हायला हवं होतं ते झालं, आणि तरी घरात कुणाला धड जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. नवरा चहा पीत होता. त्यानं कप ठेवला, स्टूल ओढलं, पुस्तकं खाली काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"मला नाही द्यायची परीक्षा," ती म्हणाली. "ताई म्हणाल्या ते काय खोटं आहे?"

"नाही, खोटं नाही."

"मग?"

छापखान्यात दिवसभर शब्द जुळवायचंच काम तो करायचा, पण स्वतः बोलताना त्याला एकेक शब्द शोधावा लागायचा. "मग काही नाही. आप्पांचं हाड मोडलंय. ते परीक्षेपायी मोडलं. आता परीक्षाही दिली नाहीस तर फुकटच मोडलं." आणि चपला घालून कामावर गेला. त्याच्या बोलण्यात माफी होती की राग, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी विचारायचं धाडस झालं नाही.

तिनं परीक्षा दिली. लेखी पेपर सोपा गेला. प्रात्यक्षिकाला कोपऱ्यात एक चष्मेवाली बाई कागद अडकवलेली फळी हातात घेऊन उभी होती. रुग्ण म्हणून एक परीक्षार्थीच पलंगावर निजली होती. तिच्या वाट्याला कामं आली ती अशी: हात धुणं, नाडी मोजणं, एक पाऊल धुऊन पुसणं, कमजोर हात असलेल्या माणसाला सदरा घालणं, कुशीवर वळवणं. खुर्ची भिंतीशी उभी होती, तिच्यावर कुणीतरी आपली पर्स ठेवली होती. ती कामं करत गेली. तोंडानं एक अक्षर बोलली नाही, फक्त पलंगावरच्या बाईला विचारलं: पाणी फार गरम नाही ना? हात दुखतोय का? सगळं आटपल्यावर तिला वाईट वाटलं. खुर्ची यायला हवी होती. कुणासमोर तरी ती एकदा नीट करून दाखवायची होती, आणि नेमकं तेच कुणी मागितलं नाही.

पास झाली. प्रमाणपत्र आलं, नवऱ्यानं ते छापखान्यातून काचेची चौकट आणून त्यात बसवलं. तिनं ते भिंतीवर लावलं नाही. कपड्यांखाली ठेवलं.

दवाखान्याच्या एका वॉर्डात सकाळच्या पाळीला नोकरी लागली. सकाळी आप्पांपाशी थांबता यावं म्हणून नवऱ्यानं छापखान्यात दुपारची पाळी मागून घेतली. नणंदेचा फोन भावाला यायचा, तिला नाही. आप्पा घरी आले होते, हातात चार पायांची काठी आली होती. डॉक्टर म्हणाले, धरून धरून चार पावलं टाकतील. पण धरायचं कुणी? आप्पा लेकाशिवाय कुणाचा हात घ्यायला तयार नव्हते. शेजाऱ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "आमची सून दवाखान्यात आहे हो, परीक्षा दिलीय तिनं." आणि तीच सून पुढे आली की, "राहू दे. तो आल्यावर बघू." दुपारी ती कामावरून घरी यायची तेव्हा सकाळभर परक्या माणसांना उठवून, बसवून, चालवून तिचे खांदे दुखत असायचे, आणि घरचा माणूस तिच्याकडे पाठ करून लेकाची वाट बघत पडलेला असायचा. ती काही म्हणायची नाही. म्हणायचा हक्क आपण घालवलाय असं तिला वाटायचं.

एक दिवस छापखान्यात काम वाढलं आणि नवऱ्याला उशीर झाला. ती स्वयंपाकघरात होती. आप्पांच्या खोलीतून काहीच आवाज येईना म्हणून ती बघायला गेली. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. चादर ओली होती. हाक मारण्याऐवजी त्यांनी कळ काढली होती, आणि ती शेवटी निघाली नव्हती.

ती बाहेर गेली. दार वाजवलं. कोमट पाणी, दोन टॉवेल, कोरडी चादर आणली. पडदा ओढला. "आप्पा, कपडे बदलते हं," म्हणाली आणि ते मान हलवेपर्यंत थांबली. बराच वेळ थांबावं लागलं.

तिनं वर पांघरूण ठेवून खालून पुसलं, हळूहळू, एकेक बाजू. नव्या व्रणापाशी हात जरा जास्तच हलका केला. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तसंच कानात जात होतं. तिनं तेही पुसलं.

"तिकडेही असंच करतेस?" आप्पांनी भिंतीला विचारलं.

"हो."

"म्हातारे काही बोलत नाहीत?"

"बोलतात की. एक आजोबा रोज शिव्या घालतात."

"बरं करतात."

तिला हसू आलं. चादरीची शेवटची घडी गादीखाली खोचली आणि ती तिथेच पायथ्याशी उभी राहिली.

"आप्पा, माझं चुकलं. पडलात तेही, आणि नंतर सांगितलं तेही."

"चुकलंच," आप्पा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "हो, चुकलंच." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. जे होतं ते त्यांनी तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावरून येऊन चहा टाकत होती. आतून हाक आली. "सूनबाई!" इतक्या दिवसांनी हाक ऐकून तिच्या हातून चहाची साखर सांडली.

आप्पा पलंगाच्या कडेला बसले होते, बूट घातलेले, डाव्या पायाचा बूट उलटसुलट. "जायचंय," न्हाणीघराकडे हनुवटी करून म्हणाले. "पण धरायचं नाही. मी सांगेन तेव्हाच."

तिनं बूट नीट केला, पट्टा बांधला आणि दोन्ही हात त्यांच्या कमरेजवळ, पण हवेत ठेवून उभी राहिली. आप्पांनी चार पायांची काठी पुढे सरकवली, जोर लावला, अर्धे उठले, परत बसले. पुन्हा जोर लावला. आपण धरू आणि पुन्हा सुटेल, याची भीती आता तिला कायमची चिकटली होती. दवाखान्यात प्रत्येक माणसाला उठवताना ही भीती तिच्याबरोबर असायची. आप्पांचा उजवा पाय थरथरला.

"धर," ते म्हणाले.

तिनं धरलं. खोलीच्या दारापर्यंत, मग पॅसेजमधून, भिंतीला धरून थांबत थांबत, दोघं न्हाणीघरापाशी पोचली. तिनं त्यांना आत बसवलं. आप्पांनी हातानंच तिला बाहेर जायची खूण केली.

"दाराला कडी लावू नका," ती म्हणाली.

"लावत नाही. जा तू."

ती गेली नाही. दार ओढून घेतलं आणि बाहेर भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. स्वयंपाकघरात चहा उतू जात होता, त्याचा वास येत होता. तो तिनं जाऊ दिला, आणि आतून पुन्हा हाक येण्याची वाट बघत राहिली.